पियानोवर बसलेला बुलसारा

मी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो. वाई, सातारा, कोरेगाव, फलटण, क्वचित पंढरपूर. हळद, जत्रा, गणपती, नगरसेवकाचा वाढदिवस, जी सुपारी येईल ती. अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पेपरात माझा फोटो एकदाच आला, तोही गायकाच्या खांद्याआडून अर्धा. त्यामुळं बँडवर काढलेला सिनेमा मी कुठून बघणार हे सांगायला नको. मागून.

क्वीन या इंग्लंडच्या रॉक बँडवरचा आणि त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरीवरचा ‘बोहेमियन रॅप्सडी’ पहिल्यांदा बघितला २०१८ च्या नोव्हेंबरात, पुण्यात. भाची तिथं इंजिनिअरिंगला होती. ‘मामा, तुमच्या पाचगणीच्या शाळेतल्या माणसाचा पिक्चर आलाय, तिकिटं काढलीत, या,’ म्हणाली. तोवर क्वीन म्हणजे माझ्या लेखी धम-धम-टाळी, ते ‘वी विल रॉक यू’. आमचा ऑक्टोपॅडवाला क्रिकेट टूर्नामेंटच्या बक्षीस समारंभाला ते वाजवतो, चषक उचलला की त्याच बँडचं चॅम्पियन्सचं गाणं लावतो. तेवढंच. ज्या थिएटरात बघितला तिथं आवाज इतका दाबून ठेवलेला की शेवटच्या कॉन्सर्टला शेजारच्याचे पॉपकॉर्न ऐकू येत होते. बाहेर येऊन मी तक्रार केली, तर मुलगा म्हणाला, ‘काका, फॅमिली असते ना.’ रॉक बँडचा सिनेमा, आणि आवाज फॅमिलीला सोसवेल एवढा.

म्हणून गेल्या महिन्यात पुन्हा बघितला. घरी, टीव्हीवर, हेडफोन लावून, हवं तिथं थांबवत. हे लिहितोय ते या दुसऱ्या खेपेनंतर.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तर दोन ओळींत. १९७० सालचं लंडन. विमानतळावर सामान उतरवणारा, दात पुढं आलेला एक पारशी पोरगा, फारोख बुलसारा. एका कॉलेजबँडचा गायक सोडून जातो, हा त्याची जागा घेतो, स्वतःचं नाव फ्रेडी मर्क्युरी करतो, बँडचं नाव क्वीन. मग गाणी, पैसा, पार्ट्या, एकटेपणा, भांडण, आजार आणि १३ जुलै १९८५ चा लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधला लाइव्ह एड हा मदतीसाठीचा मोठा कॉन्सर्ट. तिथं सिनेमा संपतो. माणूस त्यानंतर सहा वर्षं जगला, २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला, हे शेवटी पाटीवर येतं.

आता पाचगणी. ती सिनेमात नाही. घरच्या एका प्रसंगात आई लहानपणीचे फोटो बाहेर काढते, जुन्या दिवसांचा विषय निघतो, फ्रेडी अवघडतो आणि पियानोकडं वळतो. एवढ्यात त्याचं जन्मगाव झांझिबार संपलं, पाचगणीचं बोर्डिंग संपलं. मला राग आला तो गावाच्या अभिमानापोटी नव्हे. कारण वेगळं आहे, सांगतो.

माझं लहानपण पाचगणीत गेलं. आई एका बोर्डिंगच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. शाळा उघडायच्या आठवड्यात पसरणीच्या घाटातून टॅक्स्या वर यायच्या, टपावर पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगानं नावं. त्या पहिल्या आठवड्यात आई पीठ कमी भिजवायची. नवी पोरं जेवत नाहीत, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या आठवड्यात निम्मी जेवायला लागायची, तिसऱ्यात पोळ्या कमी पडायच्या. तिच्या हिशेबात घरची आठवण पिठावर मोजली जायची.

फारोख सेंट पीटर्स शाळेत आला तेव्हा आठेक वर्षांचा होता. बाप झांझिबारमध्ये इंग्रज सरकारच्या नोकरीत कॅशियर. मुलगा जहाजानं मुंबई, तिथून पाचगणी. त्या पावसात, त्या सिल्व्हर ओकच्या झाडांखाली, तो जवळजवळ आठ वर्षं राहिला. पियानो तिथं शिकला. फारोखचा फ्रेडी तिथंच झाला. बाराव्या वर्षाच्या आसपास, १९५८ मध्ये, पाच पोरांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. एकाजवळ तर चहाच्या पेटीला तार लावून केलेला बास होता. आणि त्या बँडमध्ये फ्रेडी गायक नव्हता. गाणारा दुसराच. फ्रेडी पियानोवर, मागून सुरात सूर मिसळणारा.

म्हणजे जगातला सगळ्यांत मोठा पुढचा माणूस पाचगणीत मागचा होता! हे वाचलं त्या रात्री मी आमच्या ऑक्टोपॅडवाल्याला साडेअकराला फोन केला. सिनेमानं नेमकं हेच गाळलं. पडद्यावरचा फ्रेडी पहिल्याच प्रसंगापासून गायक आहे. पार्किंगमध्ये बँडवाल्यांसमोर तोंड उघडतो आणि सूर तयार. दहा-बारा वर्षांची पियानोची बैठक, दुसऱ्याच्या गाण्याला साथ देताना कान कसा होतो, गायकाला कुठं श्वास लागणार हे आधी कळायला लागतं ते कसं, यातलं काही नाही. म्हणून सिनेमातल्या फ्रेडीची प्रतिभा आभाळातून पडल्यासारखी वाटते. आभाळातून काही पडत नाही, पाचगणीत पाऊस तेवढा पडतो.

आता फ्रेडीचं काम करणाऱ्या रामी मालेकबद्दल. त्याला ऑस्कर मिळालं, आणि मिळालं ते ठीकच. पण पहिला अर्धा तास मला दात आधी दिसत होते, माणूस त्यांच्यामागून येत होता. खऱ्या फ्रेडीला चार दात जास्तीचे होते, म्हणून जबडा पुढं. मालेकनं खोटे दात बसवलेत, आणि ओठांनी ते झाकायची सवय त्यानं फार बारकाईनं पकडली आहे. हसताना हात वर येतो, बोलून झालं की वरचा ओठ खाली ओढला जातो. मिशी आल्यावर दात विसरायला होतात.

गातो कोण, हे मला कळून घ्यायचं होतं. बहुतेक ठिकाणी फ्रेडीचंच मूळ रेकॉर्डिंग, काही जागी मार्क मार्टेल नावाच्या कॅनडाच्या गायकाचा आवाज, थोडा मालेकचा स्वतःचा. आमच्या धंद्यात याला ट्रॅकवर गाणं म्हणतात. ट्रॅकवर गाणारा मी लांबून ओळखतो, कारण ओठ बरोबर हलतात पण छाती हलत नाही. इथं मी मुद्दाम थांबवून बघितलं. मालेकचा श्वास गाण्याच्या आधी येतो, गळ्याची शीर ताणली जाते ती सुराच्या आधी. गिटारवर ग्विलिम लीची बोटं बघितली, तीही खोटी वाटली नाहीत. तो क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे म्हणून इतका हुबेहूब आहे की भाचीनं थिएटरात विचारलं, ‘मामा, हा खराच आणलाय काय?’

सिनेमातली सगळ्यांत चांगली जागा माझ्या मते वेम्ब्ली नाही. १९७५ साली वेल्समधल्या रॉकफिल्ड नावाच्या शेतावरच्या स्टुडिओत हे लोक सिनेमाच्याच नावाचं ते सहा मिनिटांचं गाणं करतात, ती. ड्रमर रॉजर टेलरला एक शब्द वरच्या पट्टीत म्हणायचाय, ‘गॅलिलिओ’. म्हणतो. फ्रेडी म्हणतो, पुन्हा. म्हणतो. अजून वर. पुन्हा. शेवटी त्याचा चेहरा असा होतो की मला आमच्या कोरसवाल्याची आठवण झाली. आवाजावर आवाज चढवत गेल्यानं टेप इतकी झिजली की आरपार दिसायला लागली, ही त्या गाण्याची खरी गोष्ट, आणि सिनेमा ती हसतखेळत सांगतो. चौघं खोलीत आहेत, कोण काय सुचवतंय, कोण वैतागलंय, कोण झोपाळलाय. बँड म्हणजे हेच असतं हो. बाकी सगळं जाहिरात.

दुसरी तशी जागा म्हणजे बासवाला जॉन डीकन. सिनेमाभर हा माणूस कोपऱ्यात. डिस्को करायचं की नाही यावरून बाकीच्यांची जुंपते, एकमेकांच्या अंगावर जायची वेळ येते, आणि हा गुपचूप बास हातात घेऊन तीन सूर वाजवतो. पुन्हा वाजवतो. भांडण थांबतं. ‘हे कुणाचं?’ ‘माझं.’ ते ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. दिग्दर्शकानं इथं एक शब्द जास्तीचा ठेवलेला नाही. मी तो तुकडा तीनदा मागं घेऊन बघितला. आमच्यात भांडण झालं की ढोलकीवाला ढोलकी चढवायला लागतो. तेवढ्यानं कुणी थांबत नाही, पण प्रयत्न तोच.

रेकॉर्ड कंपनीचा जो साहेब गाणं नाकारतो तो रचलेला आहे, तसा माणूस प्रत्यक्षात नव्हता. ते काम माइक मायर्सनं केलंय. हा साहेब म्हणतो की असलं गाणं पोरं गाडीत मान हलवत ऐकतील काय. थिएटरात निम्मे लोक हसले, मी कोरडा. भाचीनं नंतर उलगडून सांगितलं की याच नटानं १९९२ च्या ‘वेन्स वर्ल्ड’मध्ये गाडीत मान हलवून हेच गाणं पुन्हा गाजवलं होतं. बरं. विनोद समजावून घ्यायला लागला की तो माझ्यासाठी नव्हता असं समजतो. गाणं मात्र ५ मिनिटं ५५ सेकंदांचं असूनही इंग्लंडात सलग ९ आठवडे पहिल्या नंबरावर होतं.

आता भांडणाची बाजू. सिनेमा सांगतो असा: फ्रेडी पैशाच्या मोहानं एकट्यानं रेकॉर्ड करायला जातो, बँड फुटतो, वाईट संगतीत वाहवतो, मग पश्चात्ताप होऊन परत येतो. वकिलाच्या खोलीत बाकीचे तिघं बसलेत. हा चुकलो म्हणतो. ते त्याला जरा बाहेर थांब म्हणतात. तो बाहेर गेल्यावर कुणीतरी विचारतं, बाहेर का घालवलास? ब्रायन मे म्हणतो, वाटलं म्हणून.

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. कारण बँड फुटलाच नव्हता. १९८५ च्या मेपर्यंत ते चौघं जपानात दौरा करत होते आणि दोन महिन्यांनी वेम्ब्लीत उभे राहिले. एकट्यानं रेकॉर्ड काढायचं म्हणाल तर रॉजर टेलरनं १९८१ मध्येच काढली होती, १९८४ मध्ये दुसरी. ब्रायन मेनं १९८३ मध्ये आपली वेगळी काढली. फ्रेडीची आली १९८५ ला, सगळ्यांच्या मागून. मग माफी एकट्यानं का मागायची? तर मे आणि टेलर हे सिनेमाच्या संगीताचे कर्तेधर्ते, आणि बँडचा मॅनेजर जिम बीच निर्मात्यांतला एक. गोष्ट मागच्यांनी सांगितली आहे. पुढचा हयात नाही.

मी स्वतः मागचा. गायकाबद्दल मागच्यांच्या पोटात काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. हार त्याला, सेल्फी त्याच्याबरोबर, आयोजक पाकीटही त्याच्याच हातात देतो. म्हणून मी तिघांच्या बाजूनं बसायला हवा होतो. पण हे जास्त झालं. सिनेमातले तिघं रात्री वेळेवर घरी जातात, बायकापोरांत रमतात, पार्टीत तोंड वाकडं करतात. सत्तरच्या दशकातला रॉक बँड, आणि त्यातले तिघं जणू कीर्तनकार! सगळी पापं एकट्या फ्रेडीची, आणि त्यातली उरलेली पॉल प्रेंटर नावाच्या मॅनेजरची. फ्रेडीचं पुरुषांवरचं प्रेमही दिवसाउजेडी फारसं येत नाही. लाल दिवे, धूर, कातडी कपडे, आणि त्यानंतर लगेच खोकला. एखाद्या जुन्या मराठी पिक्चरात पोरगी सिगारेट ओढताना दाखवली की पुढं तिचं काय होणार हे कळायचं, तसलाच प्रकार. त्याची एकेकाळची प्रेयसी मेरी ऑस्टिन आणि त्याच्यातली माया मात्र जीव लावून दाखवली आहे. दोन खिडक्यांमधून दिवे लावत-विझवत बोलतात तो प्रसंग छोटा आहे, पण राहतो मनात.

आमचा गायक २००९ ला मुंबईला टीव्हीच्या स्पर्धेसाठी गेला होता. चार महिन्यांनी परत आला. कुणी त्याला बाहेर उभं केलं नाही, त्यानं माफी मागितली नाही. मी फक्त विचारलं, ‘पट्टी काळी चारच ना अजून?’ तो म्हणाला, ‘काळी तीन करू, घसा बसलाय.’ झालं. भुईंजच्या जत्रेला उभे राहिलो.

आजाराची तारीखही सरकवली आहे. सिनेमात लाइव्ह एडच्या तालमीत तो बाकीच्यांना एड्सचं सांगतो, सगळे रडतात, मग वेम्ब्ली. प्रत्यक्षात निदान १९८७ मधलं मानलं जातं. म्हणजे वेम्ब्लीत तो मरणाच्या छायेत गात नव्हता, नुसता गात होता. मला तर हे जास्त भारी वाटतं. एवढं गायला मरण कशाला लागतं?

तांत्रिक बाजू भराभर. दिग्दर्शक ब्रायन सिंगरला २०१७ च्या डिसेंबरात, शूटिंग चालू असतानाच काढलं आणि डेक्स्टर फ्लेचरनं ते पुरं केलं. दोन हात लागल्याचं मधेमधे जाणवतं. मॅनेजर जॉन रीडची पहिली भेट हॉटेलच्या अंगणात होते, तिथं तर कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर टिकतच नाही, माशी बसल्यासारखा उडतो. त्या संकलनालाही ऑस्कर मिळालं. एकूण चार मिळाली, नटाचं एक, संकलनाचं एक, आवाजाची दोन. आवाजाच्या दोन्हींवर माझा आक्षेप नाही.

घरच्यांची कामं फार नेटकी. बापाचं काम एस भट्टीनं केलंय. तो पारशी बाप सुरुवातीला सुविचार, सुवचन, सुकृतीचं सांगतो तेव्हा पोरगा तोडून बोलतो. शेवटी वेम्ब्लीला जायच्या आधी पोरगा तेच शब्द बापाला परत देतो. रचलेलं असेल. पण भट्टी मिठी मारताना आधी अर्धा सेकंद थबकतो, त्या पिढीच्या बापासारखा, आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. हेडफोनमुळं बायकोला आवाज नव्हता. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि भाजी निवडत राहिली.

आणि वेम्ब्ली. खरं क्वीन तिथं २१ मिनिटं वाजवत होते, ७२ हजार लोकांसमोर. सिनेमावाल्यांनी तो स्टेज बोव्हिंग्डनच्या जुन्या धावपट्टीवर जसाच्या तसा उभा केला. पियानोवर पेप्सीचे कागदी कप आणि बिअरचे ग्लास ठेवलेत ना, तेसुद्धा मूळ व्हिडिओत होते तसेच. मी दोन्ही शेजारी शेजारी लावून कप मोजत बसलो. याला वेड म्हणा. दोन गाणी गाळलीत आणि प्रेक्षकांच्या डोक्यांवरून कॅमेरा घारीसारखा फिरवलाय, तो मला आवडला नाही. १९८५ मध्ये असं दिसणं शक्यच नव्हतं, गोधडीला मधेच झालर लावल्यासारखं वाटतं. पण जिम बीच साउंडवाल्याच्या टेबलाशी जाऊन गुपचूप सरकपट्ट्या वर ढकलतो तिथं मी हेडफोनमध्ये एकटाच ओरडलो. आमच्या प्रत्येक कार्यक्रमात मला हेच करायचं असतं.

मग ते ‘ए…ओ’. आमचे गायक पब्लिकला विनवण्या करतात. ‘हात वर करा, टाळ्या आल्या पाहिजेत, फलटणकर झोपलेत काय?’ फ्रेडी काही मागत नाही. एक सूर टाकतो आणि थांबतो. ते थांबणं फार अवघड. माइक हातात असताना दोन सेकंद गप्प बसायला छातीत दम लागतो, कारण लोकांनी उत्तर दिलं नाही तर? मालेकनं ती दोन सेकंद सोडलेली नाहीत. पुण्यातल्या त्या दाबलेल्या आवाजातसुद्धा माझ्या मागच्या रांगेतल्या कुणीतरी अगदी हळू उत्तर दिलं होतं.

बघायचाच असेल तर हेडफोन लावून बघा. मधला जर्मनीतला अर्धा तास भाजी फोडणीला टाकत बघितला तरी चालेल. आणि संपल्यावर लगेच खरा लाइव्ह एड बघा. फ्रेडी धावत येतो आणि आधी माइककडं जात नाही, पियानोवर बसतो. पाचगणीतल्यासारखा. पहिलं गाणं बसूनच सुरू करतो. मग गिटार सुरू झाली की उठतो, पियानो तसाच सोडतो, अर्धा स्टँड उचलतो आणि पुढं जातो.

मला त्याचा हेवा वाटला, म्हणून मी शोधून काढलं की हा उठल्यावर बाकीच्या गाण्यांना की-बोर्ड कोण बघत होतं. तर १९८४ पासून कॉन्सर्टला या बँडमागं एक पाचवा माणूस असायचा, स्पाइक एडनी. सिनेमा चौघांचा आहे. बरोबर आहे, की-बोर्ड सोडून उठायचं तर मागं दुसरा की-बोर्डवाला लागतो. आमच्यात मी एकटाच.